परसातल्या आंब्याला पौषात कोयता नको



गळीत हंगाम भरात आहे. टोळी आली का, वाहन मिळाले का, वजनाची पावती हातात पडली का, यापलीकडे सध्या कोणाचे लक्ष नाही, आमचेही नसते. तरी या अंकात एक पान घराच्या मागल्या दाराकडे वळवावे असे आम्ही ठरविले. कारण ऊस गेला, फड मोकळा झाला, की हातातल्या कोयत्याला काम उरत नाही आणि परसातली झाडे एकाएकी माजलेली दिसू लागतात. मग "जरा साफ करून टाकू" म्हणून हात चालतो. आमचाही असाच चालला होता.

आमच्या परसात हापूसचे एक कलम आहे. वडिलांनी रत्नागिरीहून एस.टी.च्या टपावर घालून आंबा घाट चढवून आणलेले. काही वर्षांपूर्वी त्याच्या फांद्या पत्र्याला घासू लागल्या. ऐन पौषात आम्ही कोयता घेऊन झाडावर चढलो आणि पाच-सहा फांद्या उडविल्या. एक जाड फांदी अर्धी तुटली आणि स्वतःच्या वजनाने साल ओरबाडत थेट बुंध्यापर्यंत फाटत गेली. त्या उन्हाळ्यात झाडावर मूठभर कैऱ्या. पुढे पावसाळ्यात ती जखम कुजली, तिथून भिरूड शिरले आणि बुडाशी भुसा पडू लागला. धाकटा भाऊ म्हणाला, "तोडूनच टाकू, सरपण तरी होईल." आईने दोन दिवस त्याच्याशी बोलणे टाकले.

आमचे व्याही रत्नागिरीकडचे, पावसजवळचे. ते आले आणि चहाआधी झाडाखाली जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अहो, आंब्याला पौषात कोयता लावलात, तर पाडव्याला आंबा बाजारातून आणावा लागणारच." त्यांनी तारेच्या आकड्याने अळी ओढून काढली, भोकात औषधाचा बोळा घातला आणि चिखलाने लिंपून टाकले. मग आम्हाला शिकवणी सुरू झाली.

गोष्ट साधी आहे. आंब्याचा मोहर फांदीच्या शेंड्याला येतो, आणि तोही जून झालेल्या शेंड्याला. पावसाळ्यानंतर पालवी फुटते, ती पिकते, थंडी पडली की त्याच डोळ्यांतून मोहर बाहेर येतो. कोकणात हे नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होते. म्हणजे पौषात शेंडा छाटणे हे पोटऱ्यातली ज्वारी कापण्यासारखे आहे. वर छाटल्यामुळे झाड पालवीवर जाते ते निराळेच. आंब्याची हलकी छाटणी, म्हणजे सुकी, रोगट, एकमेकींत घुसलेली फांदी काढणे, हे फळ उतरल्यावर करायचे. जुन्या, आभाळाला भिडलेल्या कलमांची उंची उतरवून त्यांना पुन्हा फळावर आणण्याचीही रीत आहे. 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर काम केले आहे. पण ती मोठी शस्त्रक्रिया. दोन-तीन वर्षांचे फळ गमावण्याची तयारी हवी आणि जाणता माणूस जवळ हवा.

याला एक अपवाद, बांडगूळ. मागच्या थंडीत आम्ही व्याह्यांकडे गेलो तेव्हा ते बागेत हेच काम काढून बसले होते. बांडगुळाची पाने आंब्यापेक्षा निराळी, जाडसर. फुले नळीसारखी, तांबूस-केशरी. ती फुलली की हिरव्या झाडात दुरून ओळखू येतात. त्याची फळे बारकी पाखरे खातात. बी चिकट असते. पाखरू ते फांदीवर पुसून टाकते आणि तिथेच ते रुजते. मग मूळ आंब्याच्या पाण्यावर जगायचे आणि पुढची फांदी वाळवायची हा त्याचा धंदा. नुसते बांडगूळ ओरबाडले तर गाठीतून पुन्हा फुटते. म्हणून फांदी गाठीच्या अलीकडे, बुंध्याच्या बाजूला वीतभर सोडून कापायची, आणि फळे पिकण्याआधी. चार डहाळ्यांचा मोहर जातो, तो जाऊ द्यायचा. आम्हाला वाटायचे, बांडगूळ ही कोकणची व्याधी. घरी येऊन वर पाहिले तर आमच्याच कलमावर दोन!

त्याच प्रवासात रस्त्याकडेला ऐन आणि किंजळीची झाडे खांबासारखी सोललेली दिसली. तिकडे थंडीपासून या झाडांची कवळ तोडतात, वाळवतात आणि शेणापाल्यासह भाताच्या दाढीवर पसरून भाजतात. तिला भाजावळ म्हणतात. आम्ही विचारले, आंब्याला जे सोसत नाही ते ऐनाला कसे सोसते? व्याही म्हणाले, "ऐन आता झोपायला निघालाय, आंब्याला डोहाळे लागलेत." ऐनाची पाने तशीही उन्हाळ्यापर्यंत गळणारच. अर्थात दरवर्षी ओरबाडलेला ऐन कधी अंगाने भरत नाही, हेही दिसतच होते.

हीच कसोटी आपल्या परसाला लावा. झाड झोपले आहे की फुलण्याच्या बेतात आहे? मोगऱ्याचे पाणी थंडीत तोडून डिसेंबर-जानेवारीत छाटला, की उन्हाळ्यात सूनबाईंना वेणीला फुले कमी पडत नाहीत. सीताफळाची पाने गळली की त्याची सुकी व दाटीची फांदी काढावी. फूल नव्या फुटीबरोबर येते. जास्वंद थंडी सरता सरता निम्मी खाली घेतली तरी चालते. काजूला आणि कोकमाला मात्र आंब्याचाच नियम, थंडीत मोहर-फुलाची वेळ. नारळाच्या हिरव्या झावळ्या तर कधीच तोडू नयेत, अंगणात उजेड पडावा म्हणून सुद्धा नाही.

आता हत्याराविषयी. आपण कोयतेबहाद्दर! खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटावेत हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण उसाला नवा कोंब मातीखालून येतो, झाडाची जखम उघड्यावर राहते. बोटाएवढ्या फांदीला सिकेटर, मनगटाएवढीला करवत. जाड फांदी असेल तर बुंध्यापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी कापावी, मग त्याच्या जरा पुढे वरून. वजन उतरले की उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढावा. काप तिरका, पाणी साचू नये असा.

कापावर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. घरच्या झाडाला याचा दहावा हिस्साही पुष्कळ. दोन्ही वेगवेगळे, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवून मग एकत्र ढवळावे. घासलेला लोखंडी विळा त्यात बुडवून पाहावा. तांबूस दिसला तर चुना थोडा वाढवावा. मलम त्याच दिवशी संपवावे. लहान मुले आणि जनावरे लांब ठेवावीत, हे सांगणे नलगे.

आमच्या कलमाची जखम आता कडेने भरत आली आहे, मधला भाग अजून पोकळ आहे. यंदा पूर्वेच्या अंगाला मोहर दिसतो. दोनांपैकी एक बांडगूळ काढले. दुसरे शेंड्याला आहे, शिडी पुरत नाही. टोळीतल्या एका पोराने चढतो म्हणून सांगितले आहे. कोयता खाली ठेवून, करवत घेऊन चढायचे, ही आईची अट.