हत्यार कोणाचे, खर्च कोणाचा?

स्मरणिका म्हटली म्हणजे तीत संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचे मनोगत, आश्रयदात्यांची छायाचित्रे आणि जाहिराती असावयाच्या, हे आम्ही जाणतो. अशा पुस्तिकेत सुताराच्या रंध्याचे व वायरमनच्या पकडीचे पैसे कोणी द्यावेत, ह्या रुक्ष प्रश्नाला जागा कशाला, असे कित्येक वाचकांस वाटेल. त्याचे कारण असे. आमच्या न्यासाकडे शिक्षणासाठी साहाय्य मागणाऱ्या अर्जांबरोबर दरवर्षी काही अर्ज हत्यारांसाठीही येतात. पूर्वी ते बहुधा स्वतःचे दुकान थाटू पाहणाऱ्या कारागिरांचे असत. अलीकडे आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले आणि नोकरी मिळालेले तरुणही येऊ लागले आहेत. नोकरी मिळाली, पण पाने, पकडी, ड्रिल आणि सेफ्टी बूट घेऊनच सोमवारी कामावर या, असे त्यांना सांगण्यात आलेले असते. न्यास पैसे देतो, कारण न द्यावे तर मुलाची नोकरी जाते. परंतु हे साहाय्य त्या मुलाला झाले की त्याच्या मालकाला, असा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या बैठकीत निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. दात्यांनी विश्वासाने दिलेला पैसा दुसऱ्याच्या कारखान्याची सामग्री भरण्यासाठी नाही.

आपल्याकडील जुनी रीत पाहू गेल्यास ती स्पष्ट होती. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते आजही वाचण्याजोगे आहे. सुतार आपली वाकस, करवत, पटाशी, गिरमिट घेऊन येई. नांगराला लागणारे लाकूड मात्र कुणब्याचे. लोहाराकडे फाळ शेवटायला न्यायचा तर लोखंड व कोळसा शेतकऱ्याने द्यावयाचा. म्हणजे माल ज्याचे काम त्याचा, आणि हत्यार ज्याची कला त्याचे. ह्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, त्याचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. पण हत्यारापुरते बोलायचे तर त्यात एक संगती होती. सुतार कोणा एकाचा नोकर नव्हता. साऱ्या गावचे काम तो एकाच हत्याराने करी, आणि त्याची झीज साऱ्या गावच्या बलुत्यातून भरून निघे. खंडेनवमीला तो ज्या हत्यारांची पूजा मांडी ती त्याची स्वतःची असत.

कारखाना आला आणि ही संगती तुटली. गिरणीतला माग विणकराने घरून आणावा, असे कोणी म्हणणार नाही. लेथ मशीन टर्नरने विकत घ्यावे, असेही कोणी म्हणत नाही. मोठ्या यंत्राबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो पिशवीत मावणाऱ्या वस्तूंचा. पिशवीत मावते एवढ्यावरूनच ती कामगाराची मानण्याची सवय आपल्याला लागली आहे.

कायदा काय म्हणतो? वेतन प्रदान अधिनियम १९३६ साली झाला. मालकाने कामगाराच्या पगारातून काय कापावे आणि काय कापू नये, ह्याची यादी त्यात होती. मालकाने पुरविलेल्या सुखसोयी व सेवांबद्दल, सरकारची मान्यता असल्यास, कपात करण्यास मुभा होती. पण तेथेच एक खुलासा जोडलेला होता. नोकरीच्या कामासाठी लागणारी हत्यारे व कच्चा माल पुरविणे ही 'सेवा' नव्हे, असा तो खुलासा. दोन ओळींचा हा मजकूर फार मोलाचा आहे. 'मी तुला हत्यार दिले, आता त्याचे पैसे पगारातून कापतो' असे म्हणण्याची वाट त्याने बंद केली. सुरुवातीला हा कायदा दरमहा दोनशे रुपयांच्या आत पगार असणाऱ्यांपुरता होता. २०१७ साली ही मर्यादा २४,००० रुपयांवर नेण्यात आली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ ही अमलात येऊन तिने ह्या जुन्या अधिनियमाची जागा घेतली. हत्यारांविषयीचा तो खुलासा संहितेतही कायम आहे, आणि पगाराची वरची मर्यादा मात्र आता राहिलेली नाही. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या मुकादमाला कोणत्याही नावाने दिलेली रक्कम ही पगारातील कपातच धरली जाते. तेव्हा 'हत्यारांची अनामत' म्हणून रोख घेतली तरी ती ह्याच नियमाखाली येते.

हरवलेल्या हत्याराचे काय, असे मालकवर्ग लगेच विचारील. जी वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सांभाळावयास दिली होती, ती त्याच्याच हयगयीने हरवली वा मोडली, तर नुकसानीइतकी रक्कम कापता येते. मात्र आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. वापराने झिजलेली कानस किंवा चालता चालता तुटलेले ड्रिलचे बिट हे नुकसान नव्हे. ते कामच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मालकाने हत्यार देऊन त्याचे पैसे कापू नयेत, एवढेच कायदा सांगतो. 'आपले हत्यार आपण घेऊन या' असे नेमणुकीपूर्वीच सांगणाऱ्याला तो अडवीत नाही. सरळ दारातून येऊ न दिलेला खर्च अशा रीतीने खिडकीतून आत येतो. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याखालील नियमांनी ही खिडकीही काही अंशी बंद केली आहे. तेथे कामासाठी लागणारी हत्यारे घेण्यामुळे कामगाराच्या हाती उरणारा पगार किमान वेतनाच्या खाली जात असेल, तर तो कायद्याचा भंग ठरतो. आपल्याकडेही किमान वेतन ठरविताना असा विचार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरक्षिततेच्या साधनांबद्दल तर दुमतच नसावे. हेल्मेट, हातमोजे, वेल्डरचा मुखवटा, सेफ्टी बूट ही हत्यारे नव्हेत, ती कामगाराच्या शरीराची राखण आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ११४ व्या कलमात, ह्या कायद्याप्रमाणे जी साधने मालकाने पुरवावयाची त्यांबद्दल कामगाराकडून पैसा घेऊ नये, असे सांगितले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही हेच तत्त्व ठेवले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराचेही म्हणणे तेच. ज्या अर्जात सेफ्टी बुटांसाठी पैसे मागितलेले असतात, तो अर्ज खरे पाहता चुकीच्या पत्त्यावर आलेला असतो.

आता आमच्याच शहरातील एक गोष्ट सांगतो. तिच्यावरून हा प्रश्न केवळ चार पैशांचा नाही हे दिसून येईल. हैदराबाद-सिकंदराबाद येथील 'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस' व इतर शिंपी-दुकानांचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याचा निकाल १९७३ साली लागला. दुकानांत बसून कपडे शिवणाऱ्या कारागिरांना नगावर मजुरी मिळे. येण्याजाण्याच्या वेळा बांधलेल्या नव्हत्या. काहींना कापड घरी नेऊन शिवण्याचीही मुभा होती. तेव्हा हे आमचे नोकर नव्हेतच, स्वतंत्र कारागीर आहेत. दुकाने व आस्थापना कायद्याचे लाभ त्यांना लागू नाहीत, असे मालकांचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. शिवण बरोबर नसेल तर ती उसवून पुन्हा शिवावयास लावण्याचा अधिकार मालकाचा होता, हे एक कारण. दुसरे असे की, बहुतेक सर्व कारागीर ज्या शिलाई-मशीनवर बसत ती मशीन दुकानदाराची होती. साधन मालकाने पुरविले असणे ही नोकर-मालक नात्याची एक महत्त्वाची खूण आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

ह्याचा उलटा अर्थ वाचकांनी मनात धरावा. साधन ज्याचे तो धंद्याचा धनी, असे जर न्यायालये थोडेबहुत मानतात, तर कामगाराला साधन विकत घ्यायला लावण्यात मालकाचा दुहेरी लाभ आहे. खर्च वाचतो तो वेगळाच. शिवाय उद्या वाद निघालाच तर 'हा माझा नोकर नव्हे, पाहा, ह्याचे हत्यार ह्याचे आहे' असे म्हणावयास जागा राहते. ही एकच खूण निर्णायक नसते, हे खरे. पण ती मोजली जाते. घरोघर जेवणाचे डबे व सामान पोहोचविणारे तरुण आज रस्त्यारस्त्यावर दिसतात. त्यांची मोटरसायकल त्यांची, पेट्रोल त्यांचे, मोबाईल फोन त्यांचा. आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ह्याची व्याख्याच मुळी नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा, अशी केली आहे. शिंप्याच्या मशीनपेक्षा मोटरसायकल किती महाग, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आमच्या न्यासाचे कित्येक हितचिंतक स्वतः लहान कारखानदार किंवा कंत्राटदार आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. सर्वांच्या मालकीच्या पान्याची काळजी कोणी घेत नाही. दिलेले हत्यार आठ दिवसांत नाहीसे होते. चार माणसे महिन्यात काम सोडून जातात. उलट ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे तो दुसऱ्याच्या हत्याराला हातही लावीत नाही. जातिवंत सुतार आपला रंधा उसना देत नाही. त्याची धार त्याच्या हाताला बसलेली असते. गवंड्याची थापी व ओळंबा ह्यांचेही तसेच. हे सर्व आम्हांस मान्य आहे. हाताला बसलेले, एका कामावरून दुसऱ्या कामावर बरोबर जाणारे हत्यार कारागिराचेच असावे. त्यात त्याचे स्वातंत्र्यही आहे, कारण कंत्राटदार सोडला तरी हत्यार सुटत नाही.

पण मग त्याची झीज मजुरीत धरली पाहिजे. समजा, एका वायरमनचा संच ६,००० रुपयांचा आहे आणि तो तीन वर्षे टिकतो. म्हणजे वर्षाचे २,००० रुपये, महिन्याचे सुमारे १६७ रुपये झाले. रक्कम मोठी नाही. मालकाला ती जाणवणारही नाही. पण पहिल्या पगाराच्या आधीच ६,००० रुपये एकरकमी उभे करणे हे नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाला किती जड जाते, ते आमच्या चिटणिसांना विचारावे. बहुधा ते व्याजाने काढलेले असतात. मालक हाच खर्च धंद्याच्या हिशेबात दाखवून घसाऱ्यासह उत्पन्नातून वजा करतो. पगारदाराला तशी सोय नाही. विजेवर चालणारे ड्रिल व ग्राइंडर, एकाच कारखान्याच्या यंत्राला लागणारा खास पाना, आणि रोज झिजणारी ग्राइंडरची चकती, करवतीची पाती, वेल्डिंगचे रॉड हे तर कामगाराच्या माथी मारण्याचे काहीच कारण नाही. रॉड हा मालच आहे, बलुत्याच्या काळातील कोळशासारखा.

स्वतंत्र धंदा करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला साहाय्य देण्यात न्यासाला कधीही संकोच वाटलेला नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, चांभार, न्हावी, कुंभार इत्यादि अठरा व्यवसायांतील स्वयंरोजगारी कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि पुढे सवलतीच्या व्याजाने कर्जही मिळते. मात्र एका कुटुंबातील एकालाच. वायरमन, प्लंबर, मोटर मेकॅनिक हे त्या अठरांत नाहीत. तेव्हा आमच्यासारख्या संस्थांनी आपला हात तिकडे अधिक सैल सोडावा.

नोकरीवर जाणाऱ्या अर्जदारांसाठी मंडळाने आता असे ठरविले आहे की, कोणती हत्यारे आणावयास सांगितली आहेत त्याची मालकाच्या सहीची चिठ्ठी अर्जासोबत जोडावी. पुष्कळ मालक अशी चिठ्ठी लिहावयास बसले की यादी आपोआप आखूड होते, असा आतापर्यंतचा अनुभव आहे. सेफ्टी बूट व हेल्मेट तर कागदावर उतरतच नाहीत. जे हातहत्यार उरते, त्यासाठी न्यास बिनव्याजी रक्कम देतो व दहा हप्त्यांत परत घेतो. अर्जदाराने प्रत्येक हत्यारावर आपली खूण कोरावी, खरेदीची पावती जपून ठेवावी, आणि मालकाने दिलेली व आपली स्वतःची अशा दोन याद्या पहिल्याच दिवशी करून त्यांवर मुकादमाची सही घ्यावी. काम सोडताना वाद होतो तो ह्याच दोन याद्या नसल्यामुळे. अर्जाचे छापील नमुने कार्यालयात सायंकाळी मिळतात.