तबकडी कोणती, आणि घ्यायची कधी?

एकाच कामाची दोन यंत्रं बाजारात येतात आणि एकाची तबकडी दुसऱ्यात चालत नाही, तेव्हा दुकानदाराला ‘चांगलं कुठलं?’ असं विचारून फारसं भागत नाही. त्याला विचारायचं ते वेगळंच. यात लावायला माझ्या आवडीचे सिनेमे मिळतात का?

हा पेच २००६ साली जगभर उभा राहिला. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात सुमारे चार लाख ठिपके असत. आता वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचं चित्र तबकडीवर आलं. पण तबकड्या दोन. एक तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरी सोनी आणि तिच्या साथीदारांची ब्लू-रे. दोन्हींतली युक्ती एकच. डीव्हीडी तांबड्या लेसरने वाचली जाते, या निळ्या-जांभळ्या लेसरने. त्या प्रकाशाची लहर आखूड, म्हणून त्याचं टोक बारीक. जाड बोरू ठेवून बारीक टाक हातात घेतला की त्याच पानावर जास्त ओळी बसतात, तसंच हे. डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीच्या १५ आणि ब्लू-रेच्या २५. आकडा ब्लू-रेचा मोठा. पण एचडी डीव्हीडीची घडण जुन्या डीव्हीडीसारखी, त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोड्या बदलाने ती निघे. म्हणजे कागदावर दोघांचीही बाजू खरी.

निकाल लावला तो सिनेमा कंपन्यांनी. दोन्हींकडे सिनेमे देणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने ४ जानेवारी २००८ रोजी ‘यापुढे फक्त ब्लू-रे’ असं जाहीर केलं. १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. त्यांची यंत्रं घेतलेल्यांकडे यंत्र धडधाकट राहिलं, नवे सिनेमे मात्र आटले.

आपल्याकडे ही लढाई फारशी जाणवली नाही. त्यात शहाणपणापेक्षा खिशाचा भाग मोठा! बहुतेक घरांत तेव्हा जुना, फुगीर काचेचा टीव्ही. त्यावर ब्लू-रेचं तेज दिसणार कसं? त्यातच २००७च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. व्हीसीडीचं चित्र पुसट, मध्येच उठून दुसरी तबकडी घालायची. पण हवा तो सिनेमा हातात येई. व्हीसीआरच्या वेळीही हेच झालं होतं. १९८२च्या एशियाडनंतर तो वस्त्यांत शिरला. आमच्या चेण्यात भाड्याने यायचा, एका रात्रीत तीन सिनेमे. बेटामॅक्स चांगलं की व्हीएचएस, असा वाद कुणी घातला नाही. लायब्ररीत कॅसेट व्हीएचएसच्या, म्हणून यंत्रही व्हीएचएसचं.

म्हणून नव्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक होऊ नये, असं माझं मत आहे. पण फार थांबण्यातही तोटा असतो. ब्लू-रे जिंकली आणि थोड्याच वर्षांत सिनेमा तबकडीवाचून, इंटरनेटवरून घरी येऊ लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणंही थांबवलं. सिनेमांच्या तबकड्या मात्र अजून निघतात. ॲपवरचा सिनेमा कधी काढून टाकला जाईल सांगता येत नाही, कपाटातली तबकडी राहते. जपावासा वाटणारा सिनेमा असेल तर आजही घ्यावी. फक्त वेष्टनावरचं विभागाचं अक्षर पाहा. ब्लू-रेत भारत ‘सी’ विभागात आहे, आखाती देश ‘बी’मध्ये. दुबईच्या पाहुण्यांनी आणलेली तबकडी इथल्या यंत्रात चालेलच असं नाही.

आणि घरात लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल, तर आधी तिची नक्कल करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालीच ते काम बंद केलं.