बळ मिळाल्यावर होणारी परीक्षा : उज्जीया राजाचा धडा



पुढारीपणाचा विषय निघाला की आपण शौल, दावीद आणि शलमोन यांच्याविषयी बोलतो. उज्जीया राजाचे नाव मात्र बहुतेकांना यशयाच्या सहाव्या अध्यायापुरतेच आठवते. हा राजा मरण पावला त्या वर्षी यशयाला मंदिरात प्रभूचे दर्शन झाले, एवढेच आपण सांगतो. त्याची हकीकत दुसऱ्या इतिहासाच्या २६व्या अध्यायात आहे. आदिवासी पाड्यांवर पाणी, शेती आणि शिक्षण यांचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती सावकाश वाचावी, असे मला वाटते.

चांगली सुरुवात

उज्जीया १६ वर्षांचा असताना यहूदाच्या गादीवर बसला आणि त्याने यरुशलेमेत ५२ वर्षे राज्य केले. त्याला वारसा मिळाला तो पडक्या तटाचा. त्याचा बाप अमस्या एका विजयाने फुगून गेला आणि नको असलेली लढाई ओढवून घेऊन हरला. तेव्हा इस्राएलाच्या राजाने यरुशलेमेचा तट एफ्राइम वेशीपासून कोपरावेशीपर्यंत ४०० हात पाडून टाकला. अमस्याकडे देवाने संदेष्टा पाठवला होता, पण राजाने त्याचे बोलणे अर्ध्यावरच थांबवले.

मुलगा वेगळा निघाला. जखऱ्या नावाचा देवभीरू मनुष्य त्याला शिकवत असे आणि तो ऐकत असे. ज्या कोपरावेशीपाशी बापाच्या काळात तट कोसळला होता, तेथेच उज्जीयाने बुरूज बांधून ते मजबूत केले. त्याने पलिष्ट्यांचा मोड केला. अम्मोनी लोक त्याला नजराणे आणू लागले. बुरुजांवरून बाण आणि मोठे धोंडे फेकण्याची यंत्रे त्याने कुशल कारागिरांकडून करवून घेतली.

मला सर्वांत आवडते ती पुढची गोष्ट. या राजाला शेतीची आवड होती. रानात त्याने गुराढोरांसाठी पाण्याची पुष्कळ टाकी खोदवली. आपल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी असतात, तशीच काहीशी ही असावीत. डोंगराळ भागात आणि सुपीक जमिनीत त्याचे शेतकरी आणि द्राक्षमळेवाले होते. मार्च सुरू होताच हंडे घेऊन दूर जाणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अशा राजाची किंमत वेगळी सांगायला नको.

वळण कोठे आले?

वचन सांगते की त्याला अद्भुत साहाय्य मिळत गेले आणि तो बलाढ्य झाला. बलाढ्य झाल्यावर मात्र त्याचे मन उन्मत्त झाले. अडचणीच्या दिवसांत तो ढळला नव्हता. सगळे सुरळीत झाल्यावर ढळला.

त्याने केले काय? तो धूपवेदीवर धूप जाळायला मंदिरात गेला. वरवर पाहता ही भक्तीच वाटते. पण ते काम नियमशास्त्राने अहरोनाच्या वंशातील याजकांना नेमून दिलेले होते. राजाला सिंहासन होते, सैन्य होते, सारा देश होता. एक काम तेवढे त्याचे नव्हते, आणि तेही त्याला हवे झाले.

अजऱ्या याजक आणखी ८० याजकांना घेऊन त्याच्यामागे आत गेला. वचन त्यांना शूर म्हणते. समोर ३ लाखांहून अधिक सैन्याचा धनी उभा असताना, हे काम तुझे नाही, बाहेर जा, असे तोंडावर सांगायला खरेच धैर्य लागते. त्या क्षणी राजा धूपपात्र खाली ठेवून बाहेर पडला असता, तर ही कथा वेगळी झाली असती. पण त्याला राग आला आणि त्या रागातच त्याच्या कपाळावर कोड उठले. मग त्याने स्वतःच बाहेर पडण्याची घाई केली. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला आणि राज्यकारभार त्याचा पुत्र योथाम पाहू लागला. त्याला पुरले तेही राजांच्या कबरस्तानालगतच्या शेतात. १९३१ साली यरुशलेमेत जैतुनांच्या डोंगरावरील एका रशियन मठाच्या संग्रहात एक दगडी पाटी अभ्यासकांच्या नजरेस आली. यहूदाचा राजा उज्जीया याच्या अस्थी येथे आणून ठेवल्या आहेत आणि ही जागा उघडू नये, असे तिच्यावर आरामी भाषेत कोरलेले आहे. राजाच्या मृत्यूनंतर काही शतकांनी ती कोरलेली आहे. इतक्या काळानंतरही लोक त्याच्या अस्थी वेगळ्या जपत होते.

एक गैरसमज नको

या कथेवरून कुष्ठरोग म्हणजे पापाची शिक्षा, असा अर्थ कोणी काढू नये. वचनात 'कोड' किंवा 'महारोग' असे भाषांतर केलेला मूळ इब्री शब्द बराच व्यापक आहे. लेवीय पुस्तकात तो कपड्यांवरील आणि भिंतींवरील डागांनाही लावलेला आहे. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो जंतूंमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ साली तो जंतू शोधला आणि आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. आपला प्रभू तर अशा रोग्याला हात लावत असे. पाड्यावर कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याला दोष न देता लवकर सरकारी दवाखान्यात न्यावे.

आपल्यासाठी धडा

अनेक वर्षे सेवाक्षेत्रांत फिरताना मी एक काम उभे राहताना आणि मोडतानाही पाहिले. एका तरुण सेवकाने झोपडीत चार मुले घेऊन वसतिगृह सुरू केले. पहिली काही वर्षे तो पै-पैचा हिशेब लिहून वडीलमंडळींपुढे ठेवत असे. पुढे इमारत झाली, विहीर झाली, पाहुणे येऊ लागले, सत्कार झाले. मग हिशेब, मुलांचा प्रवेश, नेमणुका सगळे एकाच हाती आले. वयस्क खजिनदाराने एकदा पावत्या मागितल्या, तर त्यालाच दूर केले. शेवटी देणग्या आटल्या आणि वसतिगृह बंद पडले. त्या सेवकाने चोरी केली, असे मी म्हणत नाही. पण मुलींना मधल्याच वर्षी शाळा सोडून घरी जावे लागले, आणि त्यातल्या काही परत शाळेत आल्याच नाहीत.

म्हणून पुढाऱ्याची पारख करताना मी आता काम किती वाढले एवढेच पाहत नाही. त्याला 'नाही' म्हणू शकणारे कोण आहे, आणि तसे म्हटल्यावर तो काय करतो, हे पाहतो. आपल्या मंडळीत अजऱ्यासारखी माणसे असतात. ती बहुधा बोलायला रोखठोक असतात, म्हणून आपण त्यांना समितीतून वगळतो. त्यांना ठेवावे. खजिनदार, लेखापरीक्षक, वडील आणि गावातील पालक यांची कामे त्यांच्याच हाती राहू द्यावीत. सेवकाने ती स्वतःकडे ओढू नयेत.

देणगी देणाऱ्या आपणा सर्वांनाही माझी एक विनंती आहे. आपण येता, हार घालता, फोटो काढता, त्याने सेवकाला उत्तेजन मिळते. त्यासोबत हिशेबाची वहीही मागा. मुलांशी, स्वयंपाक करणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला. प्रेमाने विचारलेला प्रश्न म्हणजे अविश्वास नव्हे. सेवकाला वाचवण्याचा तो एक मार्ग आहे.

योथामाविषयी वचन सांगते की जे योग्य ते त्याने बापासारखेच केले, पण तो मंदिरात शिरला नाही. त्याने तट बांधले, नगरे वसवली आणि आपली मर्यादा सांभाळली. या तिमाहीत आपल्या सर्व क्षेत्रसेवकांसाठी अशाच मनाची प्रार्थना करावी. विशेषतः ज्यांचे काम सध्या भरभराटीला आले आहे, त्यांची नावे घेऊन करावी.