घरीं केलेली ध्वनिपेटी

एकत्र कुटुंबांत आवाज हा नेहमींच वादाचा विषय असतो. ओसरीवर वडील मंडळींच्या बातम्या, माडीवर परीक्षेस बसलेला मुलगा, आणि मधल्या खोलींत कानानें कमी ऐकूं येणाऱ्या आजी! आजींस कीर्तन नीट ऐकूं यावें म्हणून दिवाणखान्यांतील यंत्राचा आवाज वाढविला, कीं माडीवरील अभ्यास बुडाला. कमी केला, कीं आजी रुसल्या. यावर खरा उपाय आवाज वाढविणें हा नसून आवाज जवळ नेणें हा आहे. मोकळ्या जागेंत ध्वनीच्या उगमापासूनचें अंतर निम्में केलें, तर कानाशीं पोहोंचणारी त्याची तीव्रता चौपट होते. चार भिंतींच्या आंत हा हिशेब इतका चोख राहत नाहीं, तथापि रोख तोच. म्हणून आजींच्या अंथरुणाशेजारीं ठेवतां येईल अशी, विजेच्या तारेला न बांधलेली लहानशी ध्वनिपेटी घरांतील नववी-दहावींतल्या मुलाकडून किंवा मुलीकडून करवून घ्यावी, असें आम्ही सुचवितों. अशी पेटी बाजारांत तयार मिळते, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु स्वतः जोडलेल्या वस्तूंत भय नेमकें कोठें बसलें आहे, हें जोडणारास कळतें. विकत घेणारास तें बहुधा कळत नाहीं.

पेटीचें मुख म्हणजे स्पीकर. लोहचुंबकाच्या खोबणींत तारेचें एक वेटोळें, व त्यास चिकटविलेला कागदी शंकु. वेटोळ्यांतून जसा प्रवाह वाहील तसा शंकु मागेंपुढें हालतो. राइस व केलॉग या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं या पद्धतीचा जो नमुना पुढें मांडला, त्याच तत्त्वावर आजचेहि बहुतेक स्पीकर चालतात. आमचे नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानतात; येथें मात्र हालते ती हवा, आणि ती शंकूच्या पुढें दाबली जाते त्याच क्षणीं मागें विरळ होते. या दोन लाटा एकमेकींस भेटल्या, तर एकमेकींस गिळून टाकतात. नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजविला असतां त्याचा मंद्र स्वर नाहींसा होतो, तो यामुळेंच. म्हणून त्यास मागून बंद अशी लांकडी पेटी हवी. प्लायवुडचे तुकडे सरसानें पक्के जोडावे, फटी बुजवाव्या आणि आंत थोडा पिंजलेला कापूस सैलसर भरावा. तीन इंची, चार ओहमचा, तीन वॅटचा स्पीकर घरास पुरे होतो.

आवाज वाढविण्याचें काम पीएएम ८४०३ या चिमुकल्या चकतीवर सोंपवावें. ती अडीच ते साडेपांच व्होल्टांवर चालते, अर्थात् एका लिथियम घटावर सहज. चार ओहमच्या स्पीकरांत त्या वेळीं सुमारें दीड वॅट शक्ति मिळते. एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी. स्पीकरच्या दोन तारांपैकीं कोणतीहि तार घटाच्या ऋण टोकास जोडूं नये, कारण या चकतीच्या दोन्ही बाहेर जाणाऱ्या तारा जिवंत असतात. जुन्या रेडिओची दुरुस्ती केलेले गृहस्थ येथें हटकून फसतात.

आवाजाच्या गुंडीविषयीं दुकानदार सहसा कांहीं सांगत नाहींत. आपला कान बेरजेनें नव्हे तर पटीनें मोजतो. शक्ति दसपट झाली, तेव्हां कोठें आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून गुंडी ‘लॉग’ जातीची मागावी. सरळ जातीची गुंडी किंचित् फिरवितांच पेटी ओरडूं लागते आणि पुढचा सारा फेरा फुकट जातो. मध्यरात्रीं हलक्या आवाजांत ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसास हा भेद फार जाणवतो.

आतां मुख्य मुद्दा, चार्जिंगचा. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक स्वस्त तयार पेटी रात्रीं उशाशीं चार्जिंगला लावलेली होती. पहाटे प्लॅस्टिक वितळून उशी धुमसूं लागली. निजलेला मुलगा खोकल्यानें जागा झाला म्हणून बचावला. लिथियम-आयन घट १९९१ सालीं बाजारांत आला, आणि त्याच्या जनकांपैकीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. घट थोर आहे, पण शिस्तीचा आहे. त्याचा नेहमींचा दाब ३.७ व्होल्ट. भरतांना ४.२ व्होल्टांवर थांबलेंच पाहिजे. त्यापुढें रेटला, तर आंतील द्रव्यें बिघडून तापूं लागतात, आणि ती उष्णता आणखी उष्णता निर्माण करते. आंतील द्रव ज्वालाग्राही असल्यामुळें पुढें काय होतें, तें सांगावयास नको.

हें थांबविण्यासाठीं टीपी ४०५६ ही चकती वापरावी, आणि तीहि संरक्षक भाग जोडलेली, म्हणजे जिच्यावर घटासाठीं दोन व भारासाठीं निराळीं दोन टोकें असतात अशी. ती प्रथम ठराविक प्रवाह देते, ४.२ व्होल्ट होतांच दाब स्थिर धरते आणि प्रवाह दशांशावर येतांच थांबते. पेटी वाजत असतांना चार्जिंग केल्यास वादनाचा प्रवाह त्यांत मिसळून हा दशांश तिला ओळखतां येत नाहीं. म्हणून चार्जिंगच्या वेळीं वादन बंद, हा घरचा नियम असावा. मूळची चकती एक अँपिअर देते व चांगलीच तापते, १.२ किलोओहमच्या रोधाच्या जागीं २.४ चा बसविल्यास प्रवाह अर्धा होतो. वेळ दुप्पट लागेल, लागूं द्यावा. चकती घटापासून दूर बसवावी व तिच्याजवळ पेटीस लहान खिडकी ठेवून तींत जाळी मारावी. मात्र हा कप्पा स्पीकरच्या बंद कप्प्याहून निराळा असावा. घटास सोल्डर कदापि करूं नये. स्प्रिंगची बैठक मिळते, ती घ्यावी.

घट घेतांना डोळे उघडे ठेवावे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा घट. पुण्यांत बुधवार पेठेंत किंवा मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर कांहीं घटांवर ९९०० मिलिअँपिअर-तास असा आंकडा छापलेला आढळतो. तो निव्वळ खोटा. या आकाराचा उत्तम घटहि ३५०० च्या आसपासच असतो. खऱ्या घटाचें वजन सुमारें ४५ ग्रॅम भरतें; हातीं हलका लागला, तर परत करावा. टाकून दिलेल्या लॅपटॉपमधून काढलेला, दोन व्होल्टांच्याहि खालीं गेलेला घट कांहीं मुलें हौसेनें पुन्हा भरतात. तें वडिलांनीं स्पष्ट मना करावें.

पेटी फरशीवर, डोळ्यांसमोर, दिवसा भरावी. वैशाखांतल्या गच्चीवर नव्हे, कारण ४५ अंशांवर चार्जिंग वर्ज्य आहे. वास आला अथवा पेटी हातास चटका देऊं लागली, तर आधीं तार काढून ती अंगणांत न्यावी. निकामी घट केराच्या टोपलींत टाकूं नये; दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तो जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रांत द्यावा. २०२२ च्या नियमांनीं ही जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हां दुकानदारानें नाक मुरडलें, तर त्यास या नियमांची आठवण द्यावी.