पुरात बुडालेली दुचाकी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुराच्या पाण्यात दोन-चार दिवस उभी राहिलेली दुचाकी बहुतेक वेळा वाचवता येते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरला आणि 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणला दारात लावलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. बंद इंजिनाचे पाण्याखाली होणारे नुकसान बरेचसे भरून निघते. पाणी ओसरल्यावर गाडी घाईने चालू केल्यामुळे जे होते, ते मात्र खिशाला फार जड जाते.

त्यामुळे ‘एकदा सेल्फ मारून बघू, चालू झाली तर झाली’ हा समज सर्वांत घातक आहे. बुडालेल्या गाडीत एअर फिल्टर आणि सायलेन्सर या दोन्ही वाटांनी पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. 100 सीसीच्या, दहास एक कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम 11 मिलिलिटर असते, म्हणजे चहाचे दोन चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन मध्येच अडतो आणि मागचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. पायाची किक बहुधा नुसती अडते. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलली, तर मात्र गाडीचे आणि ढकलणाऱ्यांचे सगळे बळ त्या रॉडवर पडते. किंचित वाकलेला रॉड काही दिवस चालतोही. नंतर तो तुटतो आणि पूर्ण इंजिन खोलावे लागते.

पहिले काम म्हणून चावी बंद ठेवून बॅटरीची वायर काढावी, आधी निगेटिव्हची. नंतर स्पार्क प्लग काढून किक हळूहळू फिरवावी. सिलिंडरमधले पाणी प्लगच्या भोकातून पिचकारीसारखे बाहेर उडते. ते यायचे थांबले की भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा काही किका माराव्यात. सिलिंडरची ओली भिंत लवकर गंजते. ऑइलचा हा थर तो गंज रोखतो. किक फिरतच नसेल तर जोर करू नये, गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी.

‘ऑइल एकदा बदलले की झाले’ हेही पुरेसे नाही. पाणी शिरलेले ऑइल दुधट आणि फेसाळ होते. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल लागते, त्यामुळे ते पाणी क्लच प्लेटांमध्येही अडकून राहते. म्हणून त्याच ग्रेडचे नवे ऑइल भरायचे, इंजिन थोडा वेळ चालवायचे, ऑइल काढायचे, आणि ते स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहायचे. डिझेल भरून इंजिन चालवण्याची सूचना गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. डिझेलने मळ सुटतो हे खरे, पण बेअरिंगवरचा वंगणाचा थरही जातो. चालत्या इंजिनात डिझेल नको. स्कूटरमध्ये गिअर ऑइल वेगळे असते आणि तेही बदलावे लागते. शिवाय बेल्टचे कव्हर उघडून आतला गाळ काढावा लागतो.

पेट्रोलच्या टाकीबाबत ‘वरून नवे पेट्रोल भरले की पाणी विरते’ असे मानले जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि इंजिनाकडे आधी तेच जाते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये इथेनॉल थोडे पाणी धरून ठेवते; पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर धरतात. टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन आणि वाळवूनच भरावी. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप बहुधा टाकीतच असतो, तिथे हे टाळणे परवडत नाही. कागदी एअर फिल्टर धुऊन परत बसवू नये, नवा घ्यावा.

‘चार दिवस उन्हात ठेवली की गाडी वाळते’ हे वरवरच खरे आहे. वायरिंगच्या सॉकेटांत अडकलेले पाणी उन्हाने सहज निघत नाही. बॅटरी जोडलेली असेल तर वाहत्या करंटमुळे तांब्याच्या पिना हिरव्या पडून खाल्ल्या जातात. प्रत्येक सॉकेट सोडवून, स्वच्छ करून, कोरडे करूनच बॅटरी जोडावी. कोकणात खाडीचे पाणी चढले असेल तर मीठ पिना खाण्याचे काम कितीतरी लवकर उरकते. तिथे आधी भरपूर गोड्या पाण्याने धुणे आवश्यक. गाळ ओला असतानाच साध्या नळीने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने तोच गाळ बेअरिंगांत आणि सॉकेटांत ढकलला जातो.

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी झाली, असे नाही. ड्रममध्ये साचलेल्या गाळाने ब्रेक लायनर आणि ड्रम दोन्ही घासले जातात. चाकांची बेअरिंगे आणि हँडलचा कोनसेट यांतले ग्रीस पाण्याने खराब होते. महिन्याभराने हँडल अडखळू लागते ते यामुळेच. डिस्क ब्रेकचे फ्लुइड ओलावा शोषते, म्हणून तेही बदलावे.

शेवटचा गैरसमज विम्याचा. नवी दुचाकी घेताना मिळणारा 5 वर्षांचा विमा सहसा फक्त थर्ड पार्टीचा असतो. पुराची भरपाई मिळते ती ओन डॅमेजमधून, आणि तो भाग बहुधा पहिल्या वर्षीच संपतो. पुढे दरवर्षी वेगळा घ्यावा लागतो. तो असला तरी बुडालेली गाडी चालू करायला गेल्यामुळे मोडलेले इंजिन कंपन्या एरवी नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम लागते. म्हणून गाडी धुण्याआधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढून विमा कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत इंजिन खोलू नये. प्लग काढून सिलिंडरमधले पाणी लगेच काढायचे असेल, तर कंपनीला तसे आधी सांगून ठेवावे.