रुपयावरची उंच रेघ
सुरतेनजीकच्या इच्छापोरसारख्या गावी एखाद्या घरात जुना मोगली रुपया निघाला, तर सोनाराच्या मुशीत जाण्यापूर्वी तो भिंगाखाली धरावा. रेघ खोलगट असेल तर तो नुसता ओरखडा. ती उंचावलेली असेल, तर बहुधा ठशालाच तडा गेला होता आणि घावासरशी चांदी त्या भेगेत शिरली, असे समजावे. तीच रेघ त्याच अक्षरांमधून गेलेली दोन नाण्यांवर आढळली की दोन्ही एकाच ठशाची. सुरतेचा ठसा चकतीहून मोठा असे; त्यामुळे एका नाण्यावर सन तुटतो, तर दुसऱ्यावर टांकसाळीचे नाव. अशी भावंडे शेजारी मांडली म्हणजे मजकूर पुरा होतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७४ पर्यंत १८६२ हेच साल राहिले; खरे वर्ष मुंबईच्या टांकसाळीने ठिपक्यांनी सुचविले. राखेने घासणाऱ्यांच्या हातून तेवढेच आधी झिजतात!