उलटे उडणारे विमान काय शिकवते?

बुलडाण्याच्या घाटात घारी पंख न हलवता दरीवर तरंगताना दिसतात. ‘सर, विमान हवेत कसे राहते?’ हा प्रश्न वर्गात मग येतोच. आपले नेहमीचे उत्तर असे : पंखाची वरची बाजू फुगीर व खालची सपाट असते, वरच्या हवेला जास्त अंतर कापायचे म्हणून ती वेगाने जाते, दाब घटतो आणि विमान उचलले जाते. हे खरे असेल, तर उलटे केलेले विमान खाली ओढले जायला हवे. प्रत्यक्षात ते खुशाल उडते! हवाई कसरतींच्या स्पर्धेसाठी रेडिओ-नियंत्रित मॉडेल आखताना हे कोडे सोडवावेच लागते.

अशी जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. आज तिच्या मुख्य गटात मॉडेलची लांबी आणि पंखविस्तार प्रत्येकी २ मीटरच्या आत असावा लागतो. प्रत्येक कसरतीला परीक्षक १० पैकी गुण देतात.

शिकाऊ मॉडेलचे पंख धडाच्या वर बसवलेले व टोकांशी किंचित उचललेले असतात. वाऱ्याने ते कलले, तरी आपोआप सावरते. कसरतीत मात्र हाच गुण दोष ठरतो, कारण उलटे केले की ते सरळ होण्यासाठी धडपडते. म्हणून स्पर्धेच्या मॉडेलचे पंख सरळ ठेवून धडाच्या मध्याजवळ बसवतात. पंखाचा छेद सममित, म्हणजे वर आणि खाली सारखाच फुगीर असतो. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे, तरीही तो उचल देतो! कारण पंख समोरून येणाऱ्या हवेला किंचित तिरपा धरला, की तो हवेला खाली वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा त्याला वर ढकलते. वरच्या बाजूला दाब घटतो हे खरे, पण त्याचे कारण ‘जास्त अंतर’ हे नव्हे. उलट्या विमानाचे नाक थोडे वर ठेवले, की तोच तिरपेपणा मिळतो.

गुरुत्वमध्यही नेमका हवा. तो फार पुढे असला तर विमान स्थिर राहते, पण उलट्या उड्डाणात नाक सारखे जमिनीकडे झुकते. फार मागे गेला तर विमान आवरत नाही.

आता मजबुती पाहू. ४ किलोचे मॉडेल सेकंदाला २५ मीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे उभे वर्तुळ काढते आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे सुमारे २१. हे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दुप्पट झाले. त्यात स्वतःचे वजन मिळवले, तर वर्तुळाच्या तळाशी पंखांवर १२ किलोंचा भार येतो. म्हणून हलक्या बाल्सा लाकडाला कार्बन तंतूंच्या नळीचा आधार देतात.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. घाटाखाली मलकापूरकडे मे महिन्यात पहाटे २७ आणि दुपारी ४३ अंश तापमान धरू. निरपेक्ष तापमान ३०० वरून ३१६ झाले. म्हणजे दाब तोच असता हवा सुमारे ५ टक्के विरळ झाली. तेवढीच उचल हवी, तर वेग अडीच टक्के वाढवावा लागेल.

महागडे मॉडेल नसले तरी प्रयोग अडत नाही. थर्मोकोलच्या पातळ तुकड्याचे सपाट पंख कापा, शेपूट जोडा, नाकाला चिकणमाती लावा. शेपटीच्या आडव्या पंखाची मागची कड किंचित वर वळवा आणि मॉडेल हलकेच फेका. मग ते उलटे धरून तीच कड पुन्हा आभाळाकडे वळवा व फेका. माती थोडी कमी-जास्त करत गेलात, तर दोन्ही वेळा ते तरंगेल. सपाट पंखाला फुगीर बाजूच नाही. मग त्याला कोणी उचलले? या प्रश्नाचे उत्तर आपण सांगू नये. मुलांना शोधू द्यावे.